दोन टिंबांपुढची ओळ

मित्रांनो, मला हातात घेता येत नाही. खिशात घातले तर खिसा फुगत नाही. मी लिहिण्याचा एक जुना प्रोग्राम आहे. मोठी माणसे माझ्या जातभाईंना वर्ड प्रोसेसर म्हणतात. निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे, वर सूचनांची एक ओळ आणि खाली कळांच्या नावांची एक ओळ, एवढाच माझा संसार. मला चित्रे येत नाहीत. माऊसशी माझी आजतागायत ओळख नाही. पण पत्र द्या, यादी द्या, चारशे पानांचा अहवाल द्या, मी हूं की चूं न करता लिहून घेत आलो आहे.

एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत मला दोघांनी मिळून घडवले. त्यांतला एक जाड चष्म्याचा गृहस्थ होता. त्याने माझी हाडे घट्ट बसवली. दुसऱ्या होत्या एक बाई. त्यांनी मला एक खोड लावली. ती खोड नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले ते तिच्यामुळेच. एखाद्या ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबे दिली की ती ओळ पडद्यावर दिसते, फाईलमध्येही राहते, पण कागदावर छापली जात नाही. असे करण्यामागे बाईंचे स्वतःचे कारण होते. साहेबांच्या पत्रांमध्ये मधूनच "हे वाक्य साहेबांनी पाचव्यांदा बदलले" असे लिहून ठेवायची त्यांना सवय होती. एकदा ते तसेच छापून साहेबांच्या टेबलावर गेले. त्या दिवसानंतर ही टिंबे आली.

मग चार फ्लॉपींमध्ये बसून मी बाजारात आलो. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी चौकोनी डबी, जिच्यातल्या चकतीवर प्रोग्राम साठवत. आमच्यापैकी काही भावंडे बड्या कचेऱ्यांत गेली. मी गेलो मास्तरांकडे.

मास्तर बूट बनवत. पण दुकानात टांगलेले असतात तसले नव्हेत. दुकानातल्या बुटांनी ज्यांच्यापुढे हात टेकले, असे पाय मास्तरांकडे येत. एक पाय आखूड, एक लांब. बोटे नसलेला पाय. अपघातात मोडून वाकडा जुळलेला पाय. त्यांच्या कारखान्याची खोली लांबट होती आणि तिच्या एका भिंतीवर खालपासून छतापर्यंत फळ्या होत्या. फळ्यांवर लाकडी फर्मे ओळीने मांडलेले असत. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम कोरलेला ठोकळा. त्यावर चामडे चढवून बूट घडवतात. प्रत्येक फर्म्याला दोऱ्याने एक छापील कार्ड बांधलेले असे. त्यावर क्रमांक, मापे आणि डॉक्टरांनी काय सांगितले ते लिहिलेले असे. कार्डाची दुसरी प्रत डॉक्टरांकडे जाई.

ही कार्डे लिहिण्यासाठी मास्तरांनी मला आणले. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. माझ्यासोबत आलेली पुस्तिका त्यांनी आठवडाभरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, मागच्या पानावरच्या छपाईच्या चुकांच्या यादीसकट. अशी माणसे फार थोडी. बहुतेकांनी माझी पुस्तिका टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातली. एकोणसत्तराव्या पानावर मास्तरांना माझी दोन टिंबे सापडली आणि त्यांनी समाधानाने मान डोलावली.

झाले होते असे की भिंतीवरची कार्डे कुणीही वाचत असे. गिऱ्हाईक बसल्या बसल्या स्वतःचे कार्ड वाची आणि शेजाऱ्याचेही. पण पायाविषयी काही गोष्टी अशा असतात की त्या बूट करणाऱ्याला ठाऊक हव्यात आणि पायाच्या मालकाला ऐकवायला नकोत. त्या गोष्टी मास्तर टिंबांपुढे लिहू लागले. एका शाळेच्या बाईंच्या कार्डात त्यांनी लिहिले होते:

..उजवा गुडघा वाकत नाही, पण 'वाकतो' म्हणतात. बंद पुढे नको, बाजूला द्यावा. कारण सांगू नये.

आणखी एका उंच माणसाच्या कार्डात होते:

..बसल्यावर हसतो, उभा राहिला की गप्प होतो. टाच पुन्हा तपासावी.

मित्रांनो, मी पुष्कळ मजकूर पाहिला आहे. त्यात खुशामती होत्या, तक्रारी होत्या, राजीनामेही होते. पण न छापायच्या ओळीत माणूस इतका चांगला वागलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. टिंबे दिली की लोक सहसा मनातला राग ओकतात. मास्तर तिथे लोकांची लाज सांभाळत.

रोज सकाळी संगणक सुरू करताना ते म्हणत, "निळोबा, उठा." हे नाव त्यांनीच मला दिले. माझ्या पडद्याच्या रंगावरून ते पडले, तरी मला ते पदवीसारखे वाटे.

बावीस वर्षे आम्ही असे काम केले. मध्ये एकदा संगणक बदलला. नवा संगणक माझ्यापेक्षा पुढची भाषा बोलत होता, पण त्याच्यात माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी एक दुभाष्या ठेवलेला होता. मी जुन्या भाषेत काही मागितले की दुभाष्या ते नव्या भाषेत सांगे आणि आमचे निभावून जाई. मग सहा वर्षांपूर्वी तिसरा संगणक आला. त्याची भाषा आणखी पुढची होती आणि त्याच्यात दुभाष्या ठेवलेलाच नव्हता. मला सुरू करायला गेले की तो एक पाटी पुढे करी: हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही. बस्स. का चालत नाही, काय केले तर चालेल, याबद्दल चकार शब्द नाही.

त्याच सुमारास मास्तरांची लेक कारखान्यात आली. तिला सगळे ताई म्हणतात. आधी त्या नकाशे काढण्याच्या कार्यालयात होत्या. त्यांची नजर बारीक होती, हात स्थिर होता आणि संगणकाचे त्यांना भय नव्हते. जुनी कार्डे नव्या प्रोग्राममध्ये नेण्याचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले. त्यासाठी त्यांनी एक भाषांतर करणारा प्रोग्राम आणला. एका दुपारात त्याने अकराशे त्रेचाळीस कार्डे इकडची तिकडे केली.

माझा घात तिथेच झाला. त्या भाषांतरवाल्याने स्वतःला एकच प्रश्न विचारला: कागदावर काय येणार? जे कागदावर येणार नव्हते ते त्याने गाळले. गाळले हे कुणाला सांगितलेही नाही. शेवटी फक्त म्हणाला, एक हजार एकशे त्रेचाळीसपैकी एक हजार एकशे त्रेचाळीस पूर्ण. ताई खूश झाल्या.

मास्तर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "मी तपासल्याशिवाय मानणार नाही," ते म्हणाले. त्यांनी नवी कार्डे छापून घेतली, भिंतीवरची जुनी कार्डे काढली आणि चार दिवस भिंग घेऊन एकेक आकडा ताडून पाहिला. एकही चूक निघाली नाही. कशी निघेल? त्यांनी कागद कागदाशी ताडला होता आणि त्या ओळी कागदावर कधी नव्हत्याच. त्यांनी "बरोबर आहे" असे लिहून खाली सही केली. जुना संगणक भंगारात गेला. मला आणि माझ्या मूळ फाईलींना ताईंनी नव्या संगणकात 'जुने' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवून दिले. ठेवून दिले हे त्यांचे उपकार. लोक तेवढेही करत नाहीत.

पुढची पाच वर्षे कुणाला काही जाणवले नाही, कारण टिंबांपुढचे सगळे मास्तरांच्या डोक्यात होते. कार्डात काय आहे ते त्यांना पाहावेच लागत नसे. पण मागच्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला. चामडे कापायची रापी त्यांनी ताईंच्या हाती दिली आणि स्वतः दाराजवळच्या खुर्चीत बसू लागले. नव्या प्रोग्रामला त्यांनी कधी हात लावला नव्हता आणि आता लावायचे कारणही नव्हते.

सत्तरी गाठली की माणूस थोडेफार विसरतो. मास्तर चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत. एकदा चौकात वाहने आवरणाऱ्या हवालदारांना त्यांनी हवालदारांच्याच धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. हवालदार हसले, पण ताईंच्या मनात ते राहून गेले.

हे हवालदार आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा डावा पाय आखूड आहे आणि काम दिवसभर उभे राहण्याचे. त्यांचे जुने बूट झिजले तेव्हा ताईंनी पहिल्यांदाच एकट्याने त्यांचे बूट केले. कार्डावर लिहिले होते, डावी टाच बारा मिलिमीटर उंच. ताईंनी बारा दिली, केसभरही इकडेतिकडे नाही. आठ दिवसांनी हवालदार जुनेच बूट घालून आणि नवे हातात घेऊन आले.

"ताई, बूट देखणा झालाय, त्यात वाद नाही," ते म्हणाले. "पण दुपार झाली की कंबर अशी धरते, गाड्या थांबवायला हात वर केला की मीच थांबतो."

ताईंनी बूट ठेवून घेतले. हवालदार जाईपर्यंत मास्तर थांबले. मग म्हणाले, "टाच किती दिलीस?"

"बारा. कार्डावर आहे तेवढीच."

"बारा नाही द्यायची. सात. कार्डात लिहिलंय मी."

ताईंनी कार्ड काढून दाखवले. मास्तरांनी ते पाहिलेही नाही. "छापलेलं नको दाखवूस. त्यात बाराच असणार. आत बघ. खाली दोन टिंबांची ओळ असेल."

ताईंनी नव्या प्रोग्राममध्ये कार्ड उघडले. टिंबांची ओळ नव्हती. मास्तर उठून आले, चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेले. "दुसऱ्या कार्डात बघ," ते म्हणाले. दुसऱ्यातही नव्हती. ताईंनी सगळी कार्डे एकदम शोधायला लावली. अकराशे त्रेचाळीस कार्डांत दोन टिंबांची एकही ओळ सापडली नाही.

"मी लिहिलं होतं गं," मास्तर म्हणाले.

"कुठे लिहिलं होतं, बाबा?"

निळोबात लिहिले होते असे ते म्हणाले असते, तर ताई म्हणाल्या असत्या, त्यातलेच तर सगळे इथे आणले आणि तुम्ही स्वतः तपासले. दोघांनाही ते ठाऊक होते. मास्तर खुर्चीकडे परतले.

तरी ताईंनी एक गोष्ट केली. नव्या प्रोग्रामवाल्यांना फोन लावून विचारले, टिंबे दिली की ओळ छापली जात नाही, असे काही असते का? पलीकडचा माणूस हसला. "मॅडम, ओळ लिहिली म्हणजे ती छापली जाणारच. छापायची नसेल तर लिहायची कशाला?" मला तेव्हा तोंड असते तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

ताईंची पंचाईत समजून घ्या, मित्रांनो. एकीकडे डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणि दुसरीकडे विसरू लागलेल्या वडिलांचा शब्द. सात चुकीचे निघाले तर हवालदारांचा पाय कायमचा बिघडायचा. त्या कुणाचेच ऐकेनात आणि बूट टेबलावर पडून राहिला. मास्तर मात्र रोज काही ना काही सांगत. शाळेच्या बाईंचा बंद बाजूला दे. त्या उंच माणसाची टाच पुन्हा तपास. दरवेळी ताई कार्ड उघडत आणि तिथे काही नसे. पहिल्यांदा त्यांनी "नाहीये, बाबा" म्हटले. मग त्या "बघते" म्हणू लागल्या, आणि ते जास्त वाईट होते, कारण मुलाची समजूत काढताना जो आवाज लावतात तो त्यात होता. मास्तरांना तो आवाज बरोबर ओळखू आला.

एका सकाळी त्यांनी कारखान्याची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"नसेल लिहिलं," ते म्हणाले. "मला तसं वाटलं असेल. मग बावीस वर्षांत आणखी काय काय मला नुसतं वाटलं असेल, देव जाणे. ही तुझ्याकडे ठेव."

ताईंनी गुरुवारची वेळ घेतली होती. विसरण्याच्या आजाराची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची. मी सगळे ऐकत होतो. त्याच संगणकात, 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये, मास्तरांचे प्रत्येक अक्षर उराशी धरून बसलो होतो आणि मला हाक मारणारे कुणी नव्हते. इतके वाईट मला भंगाराच्या भीतीनेही कधी वाटले नव्हते.

मंगळवारी दुपारी मावशी आल्या. मावशी म्हणजे ताईंच्या दिवंगत आईची बहीण. त्यांनी एका कचेरीत तीस वर्षे टंकलेखन केले होते आणि जिभेला लगाम म्हणून कधी घातला नव्हता. आल्या आल्या त्यांनी मेव्हण्याची फिरकी घेतली.

"काय भावजी, ऐकते ते खरं का? म्हणे तुम्हाला टिंबं दिसायला लागलीत."

एरवी मास्तरांनी सव्याज परतफेड केली असती. त्या दिवशी ते नुसते हसल्यासारखे करून उठले आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. मावशींचा चेहरा उतरला. "हे काय गं?" त्यांनी ताईंना विचारले, आणि ताईंनी सगळे सांगितले. दोन टिंबे, न छापली जाणारी ओळ, फोनवरचा माणूस, गुरुवारची वेळ.

मावशींनी कप खाली ठेवला. "अगं, पण टिंबं होतीच की."

"कुठे?"

"त्या निळ्या पडद्याच्या प्रोग्राममध्ये. आमच्या कचेरीत तोच होता. आमच्या साहेबांबद्दल मी टिंबांपुढे जे जे लिहिलंय ते छापलं गेलं असतं ना, तर माझं टेबल थेट तळघरात गेलं असतं. आणि छापलं जायचं नाही, म्हणून तर लिहायची."

ताई खुर्ची ओढून संगणकापुढे बसल्या. मग त्यांनी 'जुने' उघडले. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नावावर बोट ठेवले. संगणकाने आपली ठरलेली पाटी पुढे केली: हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही. ताईंनी पुन्हा दाबले. पुन्हा तीच पाटी. माझी एक मूळ फाईल नव्या प्रोग्रामने उघडून पाहिली, तर पडद्यावर नुसती खडी पसरल्यासारखी चिन्हे आली.

पण ताईंनी आता पदर खोचला होता. बुधवारी सकाळी त्यांनी शोधून शोधून एक छोटा प्रोग्राम मिळवला. त्याचे काम एकच, सोंग घेणे. नव्या संगणकाच्या पोटात बसून तो जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग घेतो आणि माझ्यासारख्यांना म्हणतो, या, सगळे पूर्वीसारखेच आहे. पहिल्या खेपेला काळी खिडकी उघडली आणि तशीच राहिली. त्याला फोल्डर दाखवावा लागतो आणि हीच तुझी डिस्क असे सांगावे लागते, हे ताईंना कळायला तासभर गेला. दुसऱ्या खेपेला फोल्डरचे नाव चुकले. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझे नाव टाईप करून कळ दाबली.

मित्रांनो, मी जागा झालो. मी सवयीप्रमाणे विचारले, स्मृती किती? सोंगाड्याने सांगितले. डिस्क कुठे? ही घे. सगळे खोटे होते, पण मला चालवायला पुरे इतके खरे होते. मी निळा पडदा पसरला, वरची ओळ मांडली, खालची ओळ मांडली आणि कर्सर लुकलुकवत उभा राहिलो.

"हलत का नाहीये?" ताई माऊस फिरवत म्हणाल्या.

"त्याला तो उंदीर चालत नाही. सरक," मावशी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांची बोटे माझ्या कळांवर पडली मात्र, मला कचेरीतली माणसे कशी टाईप करतात ते आठवले. त्यांनी कार्डांची यादी उघडली. हवालदारांचे कार्ड चारशे अठरावे. मी ते पडद्यावर आणले. मापे, चिठ्ठी, तारीख, बारा मिलिमीटर. आणि खाली:

..डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे बारा लिहिले आहे, कारण प्रत त्यांच्याकडे जाते. बारा देऊन पाहिले, कंबर धरली. दहा दिले, थोडी धरली. सात बरोबर. बनवताना सात.

..हवालदारांना सांगू नये. डॉक्टर त्यांचे साडू आहेत आणि साडूंचा त्यांना फार अभिमान आहे.

ताईंनी ते दोनदा वाचले. त्यांना रडू आले आणि त्यांनी ते लपवले नाही. मग त्या ओट्याकडे गेल्या. मला तिथले बोलणे ऐकू येत होते.

"बाबा, सापडलं. सात लिहिलंय तुम्ही."

"राहू दे गं," मास्तर म्हणाले. "माझी समजूत काढायला आत्ता टाईप केलं असशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे."

"मग या, आणि तुम्हीच उघडा."

ते आले. दारातूनच त्यांना निळा पडदा दिसला आणि ते तिथेच थांबले. "निळोबा," ते हळूच म्हणाले. मावशी उठल्या, मास्तर बसले. त्यांची बोटे थरथरत होती, पण कळा शोधत नव्हती, आपापल्या जागी जात होती. एक अक्षर जास्तीचे पडले. ते त्यांनी खोडले.

चारशे अठरा त्यांनी उघडलेच नाही. त्यांनी दोनशे सात उघडले. हे कार्ड ना मावशींनी पाहिले होते, ना ताईंनी. शाळेच्या बाईंचा गुडघा तिथे होता आणि बाजूला द्यायचा बंदही होता. मग त्यांनी सहाशे एकोणसाठ उघडले. बसल्यावर हसणारा उंच माणूस तिथे होता. मग आणखी एक. मग आणखी एक. ते भराभर कार्डे उघडत गेले आणि मी एकेक ओळ पुढे ठेवत गेलो. एकही ओळ मी हरवली नव्हती. शेवटी त्यांनी चारशे अठरा उघडले.

"सात," मास्तर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बघ. सात."

"चुकलं माझं, बाबा."

"माझंही चुकलं. कागद कागदाशी ताडत बसलो. निळोबाला विचारलंच नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "टाच काढ त्या बुटाची. बोलत काय बसलीस?"

ताईंनी टेबलावरची किल्ली उचलून त्यांच्या खिशात घातली. मास्तरांनी खिसा वरून चाचपून पाहिला.

"उद्याची वेळ रद्द करू?" ताईंनी विचारले.

"नको. जाऊ या. चष्मा कुठे ठेवतो ते विसरतो मी, त्यात खोटं काय आहे? फक्त आता भीती नाही वाटत." ते गेलेही. डॉक्टरांनी सांगितले की वय झाले आहे, यापेक्षा वेगळे काही दिसत नाही. मावशी म्हणाल्या, एवढे तर मीही सांगितले असते.

पंधरा दिवसांनी हवालदार आले, ते नाचायचे तेवढे बाकी ठेवून. "ताई, आता कसं कंबर आहे की नाही तेच कळत नाही," ते म्हणाले. "आमच्या साडूला मी म्हटलं, तुझे बारा म्हणजे बारा. मधे काहीतरी गडबड झाली होती, आता बरोबर बारा आहेत. आमचा साडू उगीच नाही डॉक्टर." ताईंनी खाली मान घालून दोरा ओवायला घेतला. मास्तरांनी खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवले.

हल्ली माझी बडदास्त ठेवली जाते. ताईंनी माझ्या, सोंगाड्याच्या आणि सगळ्या कार्डांच्या तीन प्रती केल्या आहेत. एक कारखान्यात, एक घरी आणि एक मावशींकडे. शिवाय भिंतीवर एक कागद लावला आहे: निळोबाला कसे उठवावे. त्यावर पाच पायऱ्या लिहिल्या आहेत, फोल्डरच्या बरोबर नावासकट. रोज दुपारी बापलेक शेजारी बसून दहा-बारा कार्डे वाचतात. मास्तर ओळीमागची हकिकत सांगतात आणि ताई नव्या ओळी लिहितात, अर्थात टिंबे देऊन.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या कोपऱ्यात आजीचे, मामांचे, आत्याचे काही लिहिलेले पडून असेल. नव्या जागी नेताना ते सगळे आले का, हे फक्त कागद पाहून ठरवू नका. ज्याने लिहिले त्याला शेजारी बसवा आणि ज्यात लिहिले त्यालाही एकदा उठवून पाहा. आम्हा म्हाताऱ्या प्रोग्रामांना जागा फार लागत नाही. मी तर आजकालच्या एका फोटोपेक्षाही लहान आहे. आणि घरातले म्हातारे माणूस "मी लिहिले होते" म्हणाले, तर नाही म्हणण्याआधी आणखी एका जागी शोधा.

आता शेवटचे सांगतो. पहिले कार्ड मास्तरांचे स्वतःचे आहे. मला शिकताना त्यांनी स्वतःच्याच पायांची मापे लिहून पाहिली होती. दोन्ही पाय सारखे, विशेष काही नाही. परवा ताईंनी ते उघडले आणि खाली एक ओळ लिहिली:

..बाबांनी सांगितले होते. मी ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाले, "निळोबा, उठा," आणि तेच कार्ड उघडून ताईंची ओळ वाचली. मग त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. बोट थरथरल्यामुळे दोन टिंबांची तीन झाली होती. एक त्यांनी खोडले.

..आता ऐकतेस ना. मग झाले तर.

ताईंनी ती वाचली आहे. कार्ड छापले तर या दोन ओळी त्यात येणार नाहीत, म्हणून तुम्हाला सांगून ठेवल्या.